दांडिया बाजारातली काकूंची स्पीकिंग बॅच: सीनरी आणि फोटोच्या प्रश्नांवर ज्यांचं घोडं अडतं त्यांनी नक्की जावं

बडोद्यात आयेल्ट्सचा, म्हणजे परदेशी जायला जी इंग्लिशची परीक्षा लागते तिचा, क्लास शोधावा लागत नाही, अलकापुरी म्हणा सयाजीगंज म्हणा फतेहगंज म्हणा, मान वर केली की बोर्ड दिसतोच, कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलियाचे झेंडे आणि खाली मोठ्या अक्षरात बँडची, म्हणजे मार्कांची, गॅरंटी. मी ज्या बॅचबद्दल लिहितेय तिला ना बोर्ड ना नाव. दांडिया बाजारात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, शाळेतून रिटायर झालेल्या इंग्लिशच्या एक टीचर संध्याकाळी फक्त स्पीकिंग, म्हणजे परीक्षेतला बोलण्याचा भाग, घेतात, बाकी काही नाही. आम्ही मराठी पोरं त्यांना काकू म्हणतो, गुजराती पोरं मॅडम म्हणतात, आणि त्यांना स्वतःचं नाव नेटवर आलेलं आवडत नाही म्हणून मीही लिहीत नाहीये, पण तिथे आजूबाजूच्या दुकानात इंग्लिशवाल्या काकू म्हणून विचारलं की लोक जिना दाखवतात.

ज्यांनी अजून फॉर्म भरला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पीकिंगचा इंटरव्ह्यू ११ ते १४ मिनिटांचा असतो, एकच एक्झामिनर, सगळं रेकॉर्ड होतं. पार्ट वन ४-५ मिनिटं, घर, गाव, काम, आवडीनिवडी असले साधे प्रश्न. पार्ट टूला क्यू कार्ड, म्हणजे विषय लिहिलेलं कार्ड मिळतं, विचार करायला १ मिनिट, टिपणं काढायला कागद-पेन्सिल, आणि मग १ ते २ मिनिटं एकट्याने बोलायचं. पार्ट थ्री परत ४-५ मिनिटं, त्याच विषयात जरा खोल शिरायचं. मार्क चार गोष्टींवर, चौघींना सारखं वजन, म्हणजे न अडखळता आणि धागा न सोडता बोलणं, शब्द, व्याकरण आणि उच्चार. तुम्हाला माहिती किती आहे ह्याचे मार्क नाहीत, तुमचं मत बरोबर की चूक ह्याचेही नाहीत, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरत नाही.

आता सीनरी आणि फोटो हा विषय का वेगळा काढून लिहितेय ते सांगते. सगळ्यांना वाटतं हा तर हातचा मळ आहे. तुमच्या गावाजवळ चांगली सीनरी आहे का, बसमधून जाताना खिडकीबाहेर बघता का, हॉटेलची रूम घेताना बाहेरचा व्ह्यू बघता का, फोटो काढायला आवडतं का, माणसांचे जास्त काढता की जागांचे, काढलेले फोटो ठेवता कुठे. प्रश्न एकदम सोपे, आणि म्हणूनच फसतात, कारण उत्तर दोन वाक्यांत संपतं. येस, आय लाइक नेचर, इट इज व्हेरी ब्युटीफुल, आय फील रिलॅक्स, अँड देअर इज ग्रीनरी अँड फ्रेश एअर. झालं. पुढे काय बोलायचं? पार्ट वनमध्ये हे एक वेळ खपून जातं पण क्यू कार्डवर तुम्ही काढलेल्या एखाद्या फोटोबद्दल बोला असं आलं की तिसाव्या सेकंदाला गाडी थांबते, आणि समोरचा माणूस शांतपणे वाट बघत बसलेला असतो.

काकूंच्या आधी मी एका मोठ्या क्लासला जात होते, नाव घेत नाही. तिथे ह्याच्यावरचा उपाय म्हणजे पीडीएफ. प्रत्येक टॉपिकचं तयार उत्तर, पाठ करा आणि म्हणा. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांची आवडती सीनरी स्वित्झर्लंडमधलं एकच तळं होतं, आणि त्यातल्या एकानेही पासपोर्टवर शिक्का बघितलेला नव्हता. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण पोरं घरच्यांचे एवढे पैसे लावून येतात आणि त्यांच्या हातात काय देता तर पोपटपंची. एक्झामिनर दिवसभर तेच ऐकत असतात, पाठ केलेलं त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळतं, सूर बदलतो ना माणसाचा, आणि मग ते मध्येच वेगळा प्रश्न टाकतात की तिथे थंडी किती होती, सोबत कोण होतं, की लगेच त त प प. आणि आधीचं गुळगुळीत इंग्लिश आणि नंतरचं तुटकं इंग्लिश शेजारी शेजारी आलं की फरक आणखीनच उठून दिसतो.

काकूंचा पहिला नियम असा की फोटो तुम्ही स्वतः काढलेला पाहिजे. डाउनलोड केलेला चालत नाही, भावाने पाठवलेला चालत नाही. महागडा कॅमेरा नको, फोनमधला वाकडातिकडा असला तरी हरकत नाही, पण ते बटण दाबताना तुम्ही तिथे उभे असायला हवेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे, जे डोळ्यांनी बघितलंय त्याचं वर्णन करताना माणूस शब्द शोधतो, जे पाठ केलंय त्यात तो पुढची ओळ शोधतो, आणि ऐकणाऱ्याला हे दोन्ही लगेच वेगळं कळतं.

दुसरी पायरी मला सगळ्यात आवडली. बॅचमध्ये जोड्या लावतात, एकाने आपला फोटो स्वतःच बघायचा, समोरच्याला दाखवायचा नाही, आणि इंग्लिशमध्ये असं सांगायचं की समोरच्याला कागदावर पेन्सिलने ते चित्र काढता आलं पाहिजे. मग फोटो आणि चित्र शेजारी ठेवायचं. बस, एवढंच, पण ह्यात जे होतं ते मी कुठल्याच पीडीएफमध्ये बघितलं नाही.

बडोद्याजवळच्या पादरा गावाकडचा एक मुलगा होता, इंग्लिश कच्चं, आवाज एकदम बारीक. त्याच्या फोटोत त्याचं शेत होतं. पहिल्यांदा तो म्हणाला, देअर इज अ फिल्ड, देअर इज अ ट्री, इट इज ब्युटीफुल. समोरच्या मुलीने कागदावर मध्यभागी एक झाड काढलं, लहान मुलं काढतात तसं गोल, आणि थांबली. काकू म्हणाल्या, बोल ने बेटा, झाड कुठे आहे, डावीकडे की उजवीकडे, तुझ्याजवळ की लांब, सावली कुठल्या बाजूला पडलीय, झाडाखाली काय आहे. तो फोटो परत बघायला लागला. मग हळूहळू यायला लागलं, की कडुनिंब डाव्या कोपऱ्यात आहे, जवळ आहे म्हणून अर्धाच दिसतो, त्याच्याखाली खाट आहे, खाटेवर दादा, म्हणजे त्याचे आजोबा, बसलेत पाठमोरे, मागे तूर उभी आहे आणि तिच्याही मागे विजेचे मोठे टॉवर, आणि सकाळची वेळ असल्यामुळे सावली लांब पडलीय. मुलीने खोडून परत काढायला घेतलं. मग तिने विचारलं, व्हाय इज ही नॉट लुकिंग ॲट यू, आणि तो म्हणाला, माय ग्रँडफादर नेव्हर लेट्स मी टेक हिज फोटो, सो आय टुक इट फ्रॉम बिहाइंड.

पूर्ण वाक्य, व्याकरण बरोबर, दोन्ही काळ जिथल्या तिथे, आणि त्याला स्वतःला पत्ता नाही की आपण आत्ता काय बोललो. काकूंनी त्याला तिथेच थांबवून सांगितलं की हेच वाक्य क्यू कार्डचं शेवटचं टोक आहे, तो फोटो तुला का आवडतो ते. क्यू कार्डवर शेवटी बऱ्याचदा एक का असतो ना, त्यावर बहुतेक जण बिकॉज इट इज मेमोरेबल म्हणून मोकळे होतात. ह्याच्याकडे खरं उत्तर होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

माझा फोटो ट्रेनमधला होता. अहमदाबादला जाताना वासदच्या अलीकडे मही लागते, त्या पुलावरून काढलेला. उन्हाळ्यातला, पाणी थोडं आणि वाळूच जास्त, आणि काठावर ती मातीची कोतरं, पाण्याने कापून काढलेली. खिडकीच्या गजाची एक जाड काळी रेघ फोटोत आडवी आली होती आणि मी ती क्रॉप करणार होते. काकू म्हणाल्या, अगं राहू दे ती, त्या गजामुळेच कळतंय की तू गाडीत आहेस, आता सांग गाडी किती जोरात होती, समोर कोण बसलं होतं, पूल आल्यावर आवाज कसा बदलला. आवाज! फोटोचं वर्णन करताना आवाजाबद्दल बोलायचं हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. पूल आला की चाकांचा खडखड एकदम पोकळ होतो, डब्यातले लोक बोलता बोलता गप्प होऊन बाहेर बघायला लागतात, एखादी आजी हात जोडते आणि नदीत नाणं टाकते. हे सांगायला लागले तर दोन मिनिटं कमी पडली, टायमर वाजला तरी माझं चालूच. परीक्षेत दोन मिनिटं झाली की एक्झामिनर थांबवतोच, त्याने काही बिघडत नाही, उलट बोलता बोलता थांबवलं जाणं चांगलं.

त्या एका मिनिटाच्या तयारीसाठी काकू चार-पाच शब्द लिहू देतात, त्यापेक्षा जास्त नाही. वाक्य लिहायला घेतलं की पेन्सिल काढून घेतात, खरंच काढून घेतात. माझ्या कागदावर फक्त गज, वाळू, आजी, नाणं असं होतं आणि तेही मराठीत, ते चालतं, तुमच्या टिपणांना मार्क नसतात.

आपल्या गावाजवळ सीनरी आहे का ह्या प्रश्नाला बडोद्याची निम्मी पोरं नो म्हणतात, इट इज अ सिटी. काकूंना ह्याचा फार त्रास होतो आणि मलाही व्हायला लागलाय. कमाटीबाग आहे, सयाजीराव महाराजांनी १८७९ साली लोकांसाठी केलेली, तिच्यातून विश्वामित्री वाहते आणि पुलावर लोक मगर दिसतेय का म्हणून वाकून बघत उभे असतात, भर शहरात, असं जगात किती ठिकाणी आहे सांगा. सुरसागर आहे, संध्याकाळी मधल्या शंकराच्या मूर्तीवर लाइट पडले की पाण्यात दिसते ती. पाऊस उघडला की आजव्याच्या रस्त्यावर लांबून पावागड दिसतो. उत्तरायणला १४ जानेवारीला गच्चीवरून जे दिसतं त्याला सीनरी नाही तर काय म्हणायचं? चांपानेर-पावागडला २००४ मध्ये युनेस्कोने वर्ल्ड हेरिटेजमध्ये घेतलं, हे सांगा जरूर, पण काकूंचं म्हणणं की एकदाच सांगा आणि लगेच आपण काय बघितलं त्यावर या, कारण सन आणि आकडे सांगत बसलात की तुम्ही गाइड वाटायला लागता आणि तिथे माहितीला मार्क नाहीत. मला हे पटलं.

उच्चारांवर त्या मोजकंच पण नेमकं काम घेतात. परीक्षेत अ‍ॅक्सेंट कुठला आहे ते बघत नाहीत, समजतंय का ते बघतात, तेव्हा तोंड वाकडं करून गोऱ्यांसारखं बोलायची गरज नाही. पण ह्या टॉपिकमध्ये व्ह्यू, व्हॅली, व्हिलेज आणि वॉटर, वाइड, विंडो हे सगळे एकत्र येतात आणि आपण मराठी लोक सगळ्यांना एकच व लावतो. काकू आरसा देतात हातात. पहिल्या तिघांना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, दुसऱ्या तिघांना ओठांचा चंबू, दात कुठेच नाहीत. दुसरं म्हणजे फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफरला तो दुसऱ्यावर सरकतो आणि फोटोग्राफिकला तिसऱ्यावर. मी आयुष्यभर तिन्ही एकाच जोराने म्हणत आले होते आणि कोणी शिकवलंही नव्हतं.

पार्ट थ्रीसाठी मात्र खरी मजा येते. फोनमुळे लोक जास्तच फोटो काढतात का, फोटो काढण्याच्या नादात बघायचं राहून जातं का, प्रोफेशनल फोटोग्राफरची आता गरज आहे का, असले प्रश्न. नवरात्रातल्या फोनवर आमची चर्चा रंगली होती. एक गुजराती मुलगी म्हणाली की गरब्यात टाळीला दोन्ही हात लागतात, हातात फोन धरला म्हणजे तुम्ही गरबा सोडलात, तुम्ही आता प्रेक्षक. एकदम चोख मुद्दा. काकू लगेच म्हणाल्या, आता दुसऱ्या बाजूने बोल. तिला सुचेना. मग तिचीच मैत्रीण म्हणाली की माझ्या आजीला गुडघ्यांमुळे मैदानावर येता येत नाही, ती घरी बसून आमचे व्हिडिओ बघते आणि कुणाचा घागरा कसा होता ते दुसऱ्या दिवशी आम्हालाच सांगते. दोन्ही बाजू झाल्या, दोन्हीला खरं उदाहरण मिळालं, आणि कोणीही नाऊअडेज टेक्नॉलॉजी हॅज बोथ अ‍ॅडव्हांटेजेस अँड डिसअ‍ॅडव्हांटेजेस म्हटलं नाही.

फोटो कशासाठी काढायचे ह्या प्रश्नावर काकूंनी ज्योती भट्टांचं उदाहरण दिलं. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलेले आणि तिथेच शिकवलेले चित्रकार, २०१९ ची पद्मश्री. त्यांनी वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत फिरून घरांच्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, बायकांच्या अंगावरचं गोंदण ह्यांचे फोटो काढले. सारवलेली भिंत पुढच्या सणाला परत सारवली जाते, रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, म्हणजे ते तिथे होतं ह्याचा पुरावा शेवटी फोटोच. मी फाइन आर्ट्सच्या गेटवरून रोज स्कूटी घेऊन जाते आणि हे नाव मला तिथे कळलं नाही, स्पीकिंगच्या बॅचमध्ये कळलं. असं एक उदाहरण हाताशी असलं की पार्ट थ्रीत बोलायला जमीन मिळते.

आता जे नाही आवडलं ते पण लिहिते, नाहीतर जाहिरात वाटेल. खोली लहान आहे, पंखा आवाज करतो, उन्हाळ्यात जीव जातो, आणि दोन जोड्या एकदम बोलायला लागल्या की फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांचा काला. बॅच लेव्हलप्रमाणे पाडलेली नाही, एकदम कच्चे आणि एकदम पक्के शेजारी बसतात, चित्राच्या खेळात ते चालून जातं पण पार्ट थ्रीला कच्चा मुलगा मागे पडतो आणि काकूंच्या नजरेतून ते कधीकधी सुटतं. दुसरं, काकू प्रेमळ आहेत, मान डोलावतात, हसतात, नजरेने पुढे बोल म्हणतात. परीक्षेत तसं होईलच असं नाही, एक्झामिनरचा चेहरा कोरा असू शकतो, हवं तेवढं ऐकून झालं की पुढचा प्रश्न. मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, अधूनमधून त्या आपल्या ओळखीच्या एका रिटायर्ड बँकवाल्या काकांना बसवतात, ते हसत नाहीत, ते फार कामाचं आहे पण पुरेसं होत नाही, ह्याची मागणी सगळ्यांनी मिळून करायला हवी. आणि रायटिंग, रीडिंग, लिसनिंग इथे काहीच नाही, त्यासाठी वेगळी सोय बघा, फीबद्दल बोलायचं तर मोठ्या क्लासच्या मानाने बरीच कमी आहे त्यामुळे दोन्ही जमू शकतं.

माझ्या परीक्षेत पार्ट वनला फोटोवरचे प्रश्न आले, क्यू कार्ड मात्र दुसरंच निघालं, एका शेजाऱ्याबद्दल बोलायचं होतं. तरी हात तोच बसला होता, आमच्या वाडीतले एक आजोबा डोळ्यांसमोर उभे केले, ते कुठे बसतात, हातात काय असतं, कुठल्या बाजूचं ऊन त्यांच्यावर येतं, आणि सांगत सुटले. स्पीकिंगला ७.५ आला. मोठ्या क्लासमधल्या पीडीएफने तो आला नसता एवढं मी छातीठोकपणे सांगते.

ज्यांना येत्या महिन्यात कुठली क्यू कार्डं येणार त्याची यादी हवी आहे त्यांनी इथे जाऊ नका, काकू यादी देत नाहीत, मागितली तर चिडतात. ज्यांना बोलायची भीती वाटते, इंग्लिश समजतं पण तोंडातून निघत नाही, त्यांनी जरूर जा, मराठी मिडियमवाल्यांनी तर नक्कीच, कारण अडलं तर काकू आधी मराठीत सांग म्हणतात, गुजरातीत सांगितलं तरी त्यांना कळतं, आणि मग तिथून इंग्लिशकडे नेतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावत जाण्यात अर्थ नाही, निदान महिनाभर हातात ठेवा. जाताना फोनमध्ये स्वतः काढलेले फोटो घेऊन जा, बाहेरचे, आणि ज्यात निदान एक तरी माणूस किंवा जनावर आहे असे, त्यावर बोलायला जास्त सुचतं. बॅच संध्याकाळी सातनंतर, रविवारी सुट्टी, नवरात्रात नऊही दिवस बंद. गाडी दांडिया बाजारात लावायला जागा मिळत नाही, सुरसागरच्या बाजूला लावून चालत या, आणि जिन्याचा वरचा दिवा बऱ्याचदा बंद असतो, फोनचा टॉर्च लावा.